कापलेले चार सेकंद

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. स्टँडवर तर नाहीच — तिथे सकाळी बोललेलं दुपारच्या आत कळंबला पोचतं. मग तुम्हाला का सांगतोय? माहीत नाही. सांगतोय खरं.

सुरुवात काशिनाथपासून करावी लागेल. कर्जत स्टेशन ते कळंब, या लाईनीवर आम्ही दोघांनी मिळून एक डिझेलची सहासीटर चालवली. सकाळी तो, दुपारनंतर मी. ती दोरी ओढून चालू व्हायची, आणि थंडीत एकट्याला काही दाद द्यायची नाही. म्हणून माझी पाळी नसली तरी मी सकाळी उठून जायचो. तो दोरी ओढायचा, मी रेस धरायचो — आणि काळा धूर सोडत बया एकदाची जागी व्हायची. मग पहिला चहा, एकाच बशीत. आवाज एवढा, की उतरलेली माणसं घरी जाऊनही ओरडूनच बोलायची. माझी आई म्हणायची, तुमी दोगं बहिरं होनार रं. अंगाला डिझेलचा वास, तळहाताला दोरीचे घट्टे. आज कुणी ते दिवस परत दिले तर मी घेईन. धुरासकट घेईन.

पुढे ती मोडीत निघाली. मी जुनीच डिझेलची रिक्षा घेतली. काशिनाथनं घेतली बॅटरीची — लाईनीवरची पहिली. आम्ही काय हसलो त्याला! मोबाईलसारखी चार्जिंगला लावनार काय रं, असं मीच विचारलं होतं. तोही हसला, आणि घराच्या खिडकीतून वायर काढून खरंच लावायला लागला.

बसणाऱ्यांना ती आवडली. का नाही आवडणार? आवाज नाही, थरथर नाही, बायकांना आतल्या आत गप्पा मारता येतात. एका सकाळी नंबर माझा होता. अंगणवाडीच्या बाई माझ्या रिक्षात बसलेल्या — कित्येक वर्षांच्या माझ्या. मागे काशिनाथ येऊन लागला, तशा त्या उतरल्या आणि त्याच्याकडे जाऊन बसल्या. धूर सोसत नाय हल्ली, एवढंच म्हणाल्या. काशिनाथनं त्यांना परत पाठवायचा प्रयत्न केला, नंबर दत्तूचा हाय म्हणाला — हेही सांगायलाच हवं. त्या उठल्या नाहीत.

जळलो मी. त्याला दुसरा शब्द नाही.

त्याच आठवड्यात मोबाईलवर एक व्हिडिओ आला. रस्त्यात पेटलेली रिक्षा. कुठली, कधीची, देव जाणे. अगदी शेवटी कुणीतरी हिंदीत ओरडतं — सिलिंडर फटा, सिलिंडर. म्हणजे बॅटरीची नव्हतीच ती. हे मला कळलं नव्हतं का? चांगलं कळलं होतं. म्हणून तर मी ते शेवटचे चार सेकंद कापले. खाली लिहिलं — बॅटरीची रिक्षा. अशीच एक कळंब लाईनीवर फिरते. लेकरांना बसवू नका. गावच्या ग्रुपवर नाही टाकलं, तेवढी अक्कल होती. शिळफाट्याला माझा साडू आहे, आलेलं सगळं दहा ठिकाणी ढकलणारा. त्याला पाठवलं आणि जेवायला बसलो. जेवलो पण नीट.

तीन दिवसांनी तो व्हिडिओ फिरून गावात आला. मला कुणी पाठवला असेल? काशिनाथनं. बग रं दत्तू, कुनी काय लिवलंय. मी त्याला रडक्या तोंडाचं चित्र पाठवलं.

आधी शाळेची पोरं गेली, मग बाया. अंगणवाडीच्या बाई माझ्याकडे परत आल्या, नाकाला पदर लावून. काशिनाथ नंबर लावून उभा राहायचा, नंबर यायचा, रिक्षा रिकामी. मी शेजारी उभा राहून त्याच्याबरोबर चहा प्यायचो. एक वाक्य बोलायचं होतं. एकच. किती सकाळी होत्या माझ्याकडे? पावसाळ्याच्या तोंडावर त्यानं ती विकून टाकली. आता तो कळंबच्या एका रिसॉर्टच्या गेटवर असतो.

आणि मी — मी गेल्या वर्षी बॅटरीची घेतली. निम्मी लाईन आता बॅटरीचीच आहे. तो व्हिडिओ कुणाला आठवतसुद्धा नाही.

शनिवारी पाहुणे सोडायला मी त्याच रिसॉर्टवर जातो. काशिनाथ गेट उघडतो, माझी वायर स्वतः लावतो, तोवर चहा आणतो. निघायच्या आधी सीट उचलून बॅटरीच्या झाकणावर तळहात ठेवतो. दर वेळी. तापली नाय, म्हणतो, आणि मगच मला सोडतो. मला वाटायचं, सवय असेल.

परवा हात तसाच ठेवून म्हणाला, "बरं झालं रं, माजी इकली. माज्या हातनं कुनाचं लेकरू भाजलं असतं तर?"

मी म्हणालो, "हो रं."

त्यानं वायर काढली, नीट गुंडाळून सीटखाली ठेवली आणि गेट उघडलं. मी रस्त्याला लागेपर्यंत मागून सांगत होता, सावकाश जा.