उभ्या गाडीचा आवाज

वाडीच्या चौकात मधोमध गाडी बंद पडली आणि उजवीकडून ट्रक आला. मुलगी गाडी चालवत होती, मी तिच्या शेजारी. गाडी दोन सीटची, लाल, इतकी बसकी की आत बसलं की रस्त्यावर बूड टेकल्यासारखं वाटतं. मला ट्रकचा ड्रायव्हर दिसला नाही, नुसतं चाक दिसलं. मुलीनं किल्ली फिरवली. पुन्हा फिरवली. मग किल्ली सोडून तिनं माझा हात धरला. ट्रक तिच्या दरवाजापासून वीतभरावर थांबला.

ड्रायव्हर खाली उतरून ओरडला, "ओ बाई, ये खिलौना लेके रोडपे कायको आते?"

मुलगी रडायला लागली. मी म्हटलं, "मंग रड वं. आधी गाडी बाजूले घे."

दोन स्कूटरवाल्यांनी ढकलून दिली. बाजूला घेऊन अ‍ॅक्सिलेटर दाबला तशी लगेच सुरू झाली. गाडीचं आठवडाभर हेच चाललं होतं. रस्त्यावर पळायची, काही तक्रार नाही. सिग्नलवर थांबली, पाय काढला, की थरथरायची आणि मरायची. हुडकेश्वरला घरी येईपर्यंत मुलीनं अ‍ॅक्सिलेटरवरून पाय उचलला नाही.

घरी आल्यावर ती म्हणाली, "आई, ही गाडी आता नाई ठेवायची. एक जण कधीचा मांगून राहिला. रविवारी त्याले बोलावते."

"दुरुस्त झाली तर?"

"झाली तर पाहू. पण मी आता या गाडीत तुले नाई बसवत."

 त्या चौकात मीही घाबरले होते, उगाच खोटं कशाला सांगू.

ही गाडी माझ्या नवऱ्याची. वाडीला त्यांचं गॅरेज होतं. कुणा शौकीन माणसानं ती दुरुस्तीला आणून टाकली, मग त्याचा शौक संपला आणि गाडी ह्यांच्या नावावर करून तो मोकळा झाला. ह्यांनी तिच्यात कित्येक वर्षं घातली. मला त्या गाडीचं काही कौतुक नव्हतं. कापडाचं छप्पर, सामान ठेवायला जागा नाही, पावसात न्यायची नाही. लग्नाला जायचं तर आम्ही ऑटोनंच जायचो.

पण रोज सकाळी हे ती अंगणात सुरू करून ठेवायचे. कुठे जायचं नसायचं. दरवाजा उघडा टाकून, पाय बाहेर सोडून, चहा पीत बसायचे. मी आत भाकरी टाकत असायची. धुराचा वास घरात यायचा म्हणून मी भांडायची. पाच-सात मिनिटांनी आवाज बंद व्हायचा आणि हे आत येऊन पाटावर बसायचे. एवढंच. उन्हाळ्यात हे गेले, बसल्या जागी, दुपारचं जेवण झाल्यावर. त्यानंतर मुलगी गाडी चालवायला लागली. पळत्या गाडीच्या आवाजाशी मला काही घेणं नव्हतं. मला उभ्या गाडीचा आवाज पाहिजे होता, आणि नेमकी उभी राहिली की ती बंद पडत होती.

गॅरेजात ह्यांच्यासोबत काम करणारे एक मिस्त्री होते. मला वहिनी म्हणतात, मी त्यांना भाऊजी म्हणते. त्यांना बोलावलं. त्यांनी प्लग काढून घासले. पेट्रोलचा फिल्टर बदलला. कार्बोरेटर खोलून धुतलं, पुन्हा बसवलं. गाडी उभ्यानं चालू राहीना. एक स्क्रू आवळला तर राहिली, पण किंचाळत. स्क्रू जागेवर आणला की पुन्हा मेली. असे दोन दिवस गेले, शनिवार आला.

भाऊजी हात पुसत म्हणाले, "वहिनी, कार्बोरेटर झिजलं. नवं भेटत नाई. म्हातारी झाली गाडी, जाऊ द्या आता तिले."

"म्हातारी तर मीबी झाली. मले काय भंगारात देता?"

"तुमाले कोण घेईन?"

"तुमीच घ्या. तुमच्या बायकोले विचारून या."

भाऊजी हसले, आणि पुन्हा स्क्रू आवळून गाडी सुरू केली. मी चाकाजवळ स्टूल टाकून बसले होते. मी कोष्ट्याच्या घरची. चौथीनंतर शाळा सुटली आणि बापाच्या हातमागाजवळ बसून सुताच्या कांड्या भरल्या. चार माग एकदम खटखट चालायचे, पण एका मागावर धागा तुटला की आवाजात फरक पडायचा आणि सगळ्यांच्या माना तिकडे वळायच्या. तसा मला इंजिनच्या आवाजाखाली दुसरा आवाज आला. बारीक, सीं करून.

"भाऊजी, कुठूनतरी हवा ओढून राहिली ही."

"काहीबी नका सांगू."

"पाणी टाकून तर पाहा ना गा. तुमचं काय जाते?"

मी चुकते हे दाखवून द्यायचं म्हणून त्यांनी बाटलीतलं पाणी एकेका रबरी पाइपावर थोडं थोडं टाकलं. काही नाही, काही नाही. मागच्या बाजूला ब्रेककडे जाणारा एक जाड पाइप होता. त्याच्या वाकणावर पाणी पडलं आणि सीं बंद. इंजिनचा आवाज एकदम बदलला. मग पाणी ओढलं गेलं आणि सीं पुन्हा सुरू झाली.

भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं नाही. स्क्रू जागेवर आणून त्यांनी वाकणावर ओला फडका दाबून धरला. गाडी उभी राहिली, चांगली मिनिटभर. फडका सोडला, मेली.

पाइप काढून त्यांनी माझ्या हातात दिला. वाकणावर दोन बोटं रुंद सूत गुंडाळलेलं होतं. एकाला एक लागून, मधे फट नाही, आणि शेवटी गाठ. ती गाठ आमच्या लोकांचीच, मागावर तुटका धागा जोडायची; हेही कोष्ट्याच्याच घरचे. सूत भिजून फुगलं होतं, पांढरं चिकट काहीतरी सुटत होतं. मी बोट चोळून पाहिलं. खळ होती. भाताची पेज घोटून सुताला लावतात ती, वाळली की सूत काडीसारखं ताठ होतं.

"हे काय वं वहिनी?"

"खळ. चीर बुजवली ह्यांनी. नवा पाइप आणेपर्यंत म्हणून लावली असन आन् राहिली तशीच."

"मले नाई सांगितलं कधी."

"मले तरी कुठं सांगितलं?"

मग मला कळलं. हे इंजिनला पाणी लागू देत नसत. फडका रॉकेलमध्ये बुडवून पुसायचे. मी म्हणायची, बायकोचे एवढे लाड केले नाहीत कधी. आणि गाडी बिघडायच्या जरा आधी, यंदा दसऱ्याला, हे नाहीत म्हणून गाडी पूजेविना राहू नये, असं मनात धरून मीच बॉनेट उघडून नळाचा पाइप सोडला होता. खूप धुतली. झेंडूचा हार घातला. खळ पाण्यानं सुटते हे मला सहाव्या वर्षापासून माहीत आहे.

मुलगी दारात उभी होती. मी तिला सांगितलं, "दुसऱ्या कोणाची चुकी नाई. मी धुतली म्हणून झालं. तुले त्या चौकात मीच नेलं."

ती म्हणाली, "तुले काय माहीत होतं वं आई?"

भाऊजींना म्हटलं, पाइप परत लावता येईल का. घरात सूत होतं. पेज मी शिजवली असती, गुंडाळलंही असतं, ह्यांच्यापेक्षा चांगलं. रात्रभर वाळली असती आणि तसाच पाइप पुन्हा गाडीत बसला असता. ही गोष्ट माझ्या मनात आली हे कबूल करते. भाऊजी म्हणाले, "तुमी म्हणान तसं." मी मुलीकडे पाहिलं. मग म्हटलं, "नाई. नवा आणा."

जुना पाइप मापासाठी पाहिजे होता. सूत मी सोडवायला गेले, पण ती गाठ नखानं सुटत नाही. कापावं लागलं. भाऊजींनी तेवढ्याच जाडीचा पाइप आणला, दोन्हीकडे क्लिप आवळल्या. मुलीनं किल्ली फिरवली आणि पाय काढून घेतला.

गाडी उभी राहिली.

मी आत गेले. आवाज अंगणातून नाही, स्वयंपाकघरातून ऐकायचा होता. तोच होता. पाच मिनिटं झाली, सात झाली. आवाज बंद झाला नाही आणि आत कोणी आलं नाही. बाहेरून भाऊजी ओरडले, "वहिनी, बंद करू का?"

"राहू द्या," मी म्हटलं.

थोड्या वेळानं मुलगी आली. ह्यांच्या पाटावर बसली नाही, खालीच बसली. म्हणाली, "त्या माणसाले मी फोन केला. येऊ नको म्हटलं."

आता ऑफिसला जायच्या आधी ती गाडी सुरू करून ठेवते. बापासारखी बसत नाही, उभ्या उभ्या फोन पाहते. मी भाकरी टाकते. धूर अजूनही घरात येतो. या घरात आम्ही तिघं होतो. मी राहिले आणि मुलगी राहिली.