क्विलच्या धारेवर आलेला फोन

माझा नवरा सिंहगडावर एकदाच गेला होता, तोही गाडीने. लग्नाआधी मी सुट्टी मिळाली की राजगड-तोरण्याच्या वाटा तुडवायची, आणि तो घरी बसून क्रिकेट बघायचा. त्यामुळे हॉलंडमधल्या टिलबर्ग शहरातल्या आमच्या फ्लॅटमध्ये एका संध्याकाळी तो म्हणाला, "यंदा पुण्याला नको जाऊया. कॅरिबियनमध्ये एक छोटं डच बेट आहे, स्टेशिया. तिथे क्विल नावाचा जुना ज्वालामुखी आहे, तुला चढता येईल," तेव्हा खरं तर मला आनंद व्हायला हवा होता. मला संशय आला.

त्याला कारण होतं. गेले काही आठवडे त्याला फोन आला की तो बाल्कनीत जायचा आणि मागे दार ओढून घ्यायचा. बाहेर टिलबर्गचा बोचरा वारा, अंगात साधा शर्ट, तरी तो तिथेच उभा राहून हळू आवाजात बोलायचा. आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा फोन रविवारी असायचा. कॉलिंग कार्ड खरवडून, स्पीकर लावून, दोघंही मोठमोठ्याने बोलायचो. हे फोन तसले नव्हते. विचारलं की "ऑफिसचं" म्हणायचा. मी स्वतः जवळच्याच ब्रेडा शहरातल्या एका कंपनीत प्रोग्रॅमर होते. ऑफिसचे फोन कसे असतात ते मला कळत होतं. त्यात कुणी इतकं मऊ बोलत नाही.

बेटावर आम्ही एका बाईंच्या गेस्टहाउसमध्ये उतरलो. पहिल्याच दिवशी मला दिसलं की त्याने मनगटावरचं घड्याळ बेटाच्या वेळेला लावलेलं नाही. हॉलंडच्या वेळेलाही नाही. ते पुण्याच्या वेळेवर होतं. पुण्यात कोण, हा प्रश्न त्या दिवसापासून माझ्याबरोबर हिंडायला लागला. कॉलेजातली एक मैत्रीण होती त्याची. तिचा घटस्फोट झाल्याचं मागे त्यानेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता निघालो. खालची वाट काटेरी बाभळींतून जाते. पुढे झाडी दाट होते, ओल वाढते, आणि पायाखालून शंखातले खेकडे गडगडत उताराने खाली जातात. त्या आवाजाने तो प्रत्येक वेळी दचकत होता, तरी वेग कमी करत नव्हता. हा माणूस टिलबर्गात सायकलवरून पूल चढतानाही उतरून ढकलत न्यायचा. इथे घामाने निथळत माझ्या पुढे चालला होता आणि दर थोड्या वेळाने खिशातून मोबाईल काढून रेंज बघत होता.

"कुणाचा फोन यायचाय?" मी विचारलं.

"कुणाचा नाही. वेळ बघतोय."

घड्याळ मनगटावर होतं.

विवराच्या काठावर पोहोचलो तेव्हा आत खाली घनदाट जंगल होतं आणि त्यातून धुकं वर येत होतं. तिथून डावीकडे धार सुरू होते. तीच पुढे शिखराकडे जाते, मझिंगा म्हणतात त्याला. गेस्टहाउसच्या बाईंनी बजावलं होतं की तो भाग निसरडा आहे, दोर धरूनच जा. धार अरुंद होती. एका बाजूला विवर, दुसऱ्या बाजूला झाडीतून थेट समुद्राकडे उतरणारा उतार. जिथे कातळ उभा होता तिथे झाडाच्या मुळांना दोर बांधलेले होते, शेवाळलेले आणि ओले.

पहिला दोर तो आधी चढला. मी खाली उभी होते. तेवढ्यात वर त्याचा फोन वाजला.

त्याने मला हाताने थांबायची खूण केली आणि चार पावलं पुढे, झाडामागे गेला. वारा माझ्याकडे येत होता. मला शब्द ऐकू येत होते.

"झालं का सगळं? ... हो ... साडी कुठली नेसलीस? ... नाही, ती आत्ता जवळ नाही. ... सांगतो. ... तू जेवलीस का?"

मराठीत आईलाही तू आणि प्रेयसीलाही तू. त्या क्षणी मला त्यातली एकच आठवली.

तो परत आला, दोराच्या टोकाशी गुडघ्यावर बसला आणि हात पुढे केला. "ये. पाय त्या मुळावर ठेव."

मी हात धरला नाही. दोरही धरला नाही. ज्याच्यावर आपला विश्वास नाही त्याचा हात धरून आपण कातळ चढत नाही, हे मला शिकवायला कुणी लागत नव्हतं.

"कोण आहे ती?" मी विचारलं.

"कोण?"

"साडी नेसलेली."

तो दोर सोडून तिथेच चिखलात मांडी घालून बसला आणि म्हणाला, "आई. आईचं आज लग्न झालं."

मला आधी समजलंच नाही. मग त्याने खाली बघत, तुकड्या-तुकड्यांनी सांगितलं. त्याचे वडील तो कॉलेजात असताना गेले. बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावर एक काका होते. त्यांची पत्नीही जाऊन बरीच वर्षं झाली होती. आई आणि ते सकाळी पर्वतीला फिरायला जायचे हे मला माहीत होतं. आता दोघांनी लग्न करायचं ठरवलं होतं. सकाळी नोंदणी, संध्याकाळी घरीच चार माणसांचं जेवण. पुण्यात आत्ता संध्याकाळ होती.

"म्हणून आपण इथे आलो?"

"मला तिथे उभं राहता आलं नसतं," तो म्हणाला. "आणि टिलबर्गात बसून राहणंही जमलं नसतं."

"मला का नाही सांगितलंस?"

"तू खूश झाली असतीस. म्हणाली असतीस, चल जाऊया."

हे खरं होतं. पण माझा संशय एकदा जागा झाला की लवकर निजत नाही. मी विचारलं, "आईंना माझ्याबद्दल काय सांगितलंस? मी का नाही आले?"

तो दोराची गाठ चाचपत म्हणाला, "तुला रजा मिळाली नाही म्हणून येत नाही, असं सांगितलं. आणि तुला वाईट वाटतंय, रविवारी फोनवर विषय काढू नकोस, असंही."

याच आईंनी आमच्या लग्नानंतर पहिल्या वर्षी मला नोकरीसाठी एकटीला हॉलंडला पाठवलं होतं, घरच्यांचं ऐकून न घेता. आणि त्यांच्या लग्नाच्या दिवशी मी कामाचं निमित्त सांगून गैरहजर. मी दोर धरला, त्याच्या हाताला स्पर्श न करता वर आले आणि फोन मागितला. रेंज गेली होती.

"खाली गावात लागेल," तो म्हणाला. "चल, उतरूया."

"तू उतर. मी वर जाते."

तो उतरला नाही. माझ्या मागून आला. पुढचे दोर जास्त वाईट होते. एका ठिकाणी माझा पाय घसरला आणि मागून त्याने माझी बॅग घट्ट धरली. तेव्हा कळलं की त्याचे हात थरथरतायत. त्याला उंचीची भीती वाटते हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही माहीत नव्हतं. तेही त्याने लपवलेलंच.

माथ्यावर ढग होता. समुद्र दिसत नव्हता, काहीच दिसत नव्हतं. फोन मात्र लागला. आईंनी उचलला. मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"आई, अभिनंदन," मी म्हटलं.

"अगं, तुला रजा नाही ना मिळाली?"

"मिळाली होती, आई. मला कळलंच आत्ता."

"तरीच," त्या म्हणाल्या. "तू लग्नाबद्दल एक शब्दही न बोलता राहशील असं वाटत नव्हतं मला. दे त्याला."

मी फोन दिला. आई काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही. तो फक्त "हो" म्हणत होता, आणि रडत होता. शेवटी म्हणाला, "दे त्यांना." मग म्हणाला, "नमस्कार काका," आणि पुढे काय बोलावं ते न सुचून बेटावरच्या हवामानाची माहिती द्यायला लागला.

उतरल्यावर मी दोन दिवस त्याच्याशी कामापुरतंच बोलले, आणि त्यानेही ते निमूट सोसलं.

पुढच्या उन्हाळ्यात आई आणि काका आमच्याकडे आले. काकांना द हेगची ट्राम फार आवडली. नवरा सुट्टी काढून त्यांना रोज कुठे कुठे नेत होता. एकदा तो आणि काका संध्याकाळी उशिरा परतले, हातात हेरिंग माशाच्या कागदी पिशव्या, आणि शाकाहारी काकांना मासा कसा वाटला हे आईंना सांगायचं नाही असं दोघांचं ठरलेलं दिसत होतं. आईंनी मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि हळूच विचारलं, "यांच्या तोंडाला कसला वास येतोय गं?"