एक्केचाळीस नंबरचं रक्त

माझ्या टेबलासमोर एका प्रथिनाचं रंगीत चित्र चिकटवलेलं होतं. एका एन्झाईमचं. ते मी परवा टराटरा फाडलं आणि कचऱ्यात टाकलं.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींना काही कडक औषधं सोसवतात ती या एन्झाईममुळे. ते अधू असेल तर माणूस एरवी धडधाकट असतो, पण नको ती गोळी पोटात गेली की पेशी पटापट फुटतात. कर्जतच्या डोंगराकडेच्या वाड्यांमध्ये असं अधू एन्झाईम किती जणांत आहे आणि त्याची रचना कुठे बिघडते, हे शोधायचं आमचं काम. सर, म्हणजे माझे गाईड, मला वाडीवर घेऊन गेले ते माझ्या हुशारीसाठी नव्हे. मी इथल्याच शेतकऱ्याची पोर, मला इथलं बोलता येतं म्हणून. मीच घरोघर सांगत फिरले, "द्या हो रक्त, रिपोर्ट मी सवता आनून देईन." प्रत्येकाला नंबराचं एक स्टिकर दिलं. तसंच दुसरं बाटलीवर, नाव कुठेच नाही.

तीन वर्षं झाली त्याला. रिपोर्ट कुणालाच दिला नाही.

एक्केचाळीस नंबर मात्र मला तोंडपाठ होता. त्याच्या एन्झाईममध्ये एकच अमिनो आम्ल बदललेलं, आणि तेवढ्यानं सगळी घडी ढिली पडलेली. स्क्रीनवर ती रचना मी गरगर फिरवून बघितली आणि खरं सांगते, आनंदानं टाळी वाजवली. लाज वाटते आता. "याला कळवायला हवं ना, सर?" असं एकदा विचारलंही होतं. "पेपर छापून येऊ दे. आणि ते आपले पेशंट नाहीत, सॅम्पल आहेत," सर म्हणाले. मी मुकाट्यानं मान डोलावली. मेलं माझं शिक्षण!

दर आठवड्याला घरी येते, तशी गेल्या महिन्यात एका रविवारी आले होते. आमच्याकडे दर रविवारी रानभाजी घेऊन येणारी वाडीवरची बाई त्या दिवशी रिकाम्या हातानं आली. तिचा नवरा मोहोपाड्याकडे बिगारीला जातो. त्याला हिवताप झाला, एका खासगी दवाखान्यातून गोळ्या दिल्या. चौथ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी, डोळे पिवळे. दोन बाटल्या रक्त चढवलं तेव्हा कुठे जगला.

"आता घरी हाय," ती म्हणाली. "डाक्तरनं पुन्ना रगत तपासलं, काय दोष नाय म्हनतो. उद्यापासून त्याच गोळ्या परत घ्यायच्या. तू रगताचंच शिकतेस ना गं? देऊ का?"

आणि तिनं रेशनकार्ड काढलं. प्लास्टिकच्या कव्हराच्या आत माझंच स्टिकर. एक्केचाळीस. "याच्यावर रिपोट येनार व्हता, म्हनून जपून ठेवलंय."

मी मोबाईल काढला. सरांना फोन लावला. "गोपनीय माहिती आहे, रीतसर मेल कर, समितीपुढे ठेवू," म्हणाले. समिती! इकडे माणूस उद्या सकाळी गोळी गिळणार होता. "तुमची समिती घाला चुलीत," मी म्हणाले आणि फोन आपटला.

लॅपटॉप पाठीला मारला, तिला स्कूटीवर मागे बसवलं आणि तडक दवाखाना गाठला. डॉक्टर तरुण होता. त्यानं रिपोर्ट पुढे सरकवला. "मॅडम, एन्झाईम नॉर्मल आहे."

"असणारच!" मी ओरडलेच. "अधू एन्झाईमच्या जुन्या पेशी फुटून गेल्या. उरल्या त्या कोवळ्या, त्यांच्यात ते थोडंफार असतंच. वर दोन बाटल्या परक्याचं रक्त. तुम्ही तपासलंत कुणाचं? तीन महिन्यांनी तपासा, मग बघा." लॅपटॉप उघडून एक्केचाळीस नंबरची ओळ दाखवली. तो बराच वेळ वाचत राहिला. मग त्यानं कागदावरच्या त्या गोळ्यांवर काट मारली. "हे आधी कळलं असतं तर मी दिल्याच नसत्या," म्हणाला. त्याचं काय चुकलं होतं?

वाडीवर पोचलो तेव्हा नवरा ओट्यावर बसला होता. निम्मा झालेला. त्याला समजावून सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "माझ्यावानी आनखी हायत का हितं?"

होते. माझ्या लॅपटॉपमध्ये होते, नंबर घालून.

बाईनं हाक दिली, "कारडं आना गं समदी!" घराघरांतून माणसं रेशनकार्डं घेऊन आली. बहुतेकांनी स्टिकर जपलेलं. मी एकेकाला बाजूला घेऊन नंबर बघत होते, सांगत होते आणि कोणत्या गोळ्या घ्यायच्या नाहीत ते कागदावर लिहून देत होते. मधे सरांचा फोन वाजत होता, तो कापत होते. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती. रिपोर्ट द्यायला एक दुपार पुरली.

शेवटचं कार्ड झालं. बाई इतका वेळ माझ्या शेजारी उभी होती.

"कधीपासून ठावं व्हतं गं तुला?"

"तीन वर्षं. पण एक्केचाळीस म्हणजे तुझा नवरा, हे नव्हतं माहीत."

"दर आयतवारी भाजी घेतेस माझ्याकडनं," ती म्हणाली. "इचारायचंस की."