दुसरा दिवस शिकवणाऱ्या बाई

“मग दुसऱ्या दिवशी काय झालं?” हा प्रश्न विचारताना बाई चष्मा काढून हातात धरायच्या. वर्गातून काहीतरी उत्तर आल्याशिवाय तो पुन्हा डोळ्यांवर चढायचा नाही. नाशिकमधल्या आमच्या कॉलेजात त्या इतिहास शिकवायच्या आणि मी ग्रंथपाल. त्यांचा वर्ग लायब्ररीला लागूनच होता, मधे नुसतं लाकडी पार्टिशन. त्यामुळे फी न भरता मी त्यांचे बरेच तास ऐकले.

त्यांचा खास विषय अमेरिका, आणि त्यातही जगाचा शेवट जवळ आलाय असं मानणारे तिथले ख्रिस्ती लोक. इथे बसून हा विषय तुम्हाला कुठून सापडला, असं मी एकदा विचारलं. बाई स्वतः ख्रिस्ती, शरणपूर रोडच्या बाजूला वाढलेल्या. म्हणाल्या, “लहानपणी काही चुकलं की आई म्हणायची, प्रभू आज आला तर काय सांगशील? मला वाटायचं, आणि नाही आला तर उद्या बाईंना गृहपाठ दाखवायचाय, त्याचं काय?”

त्यांचा एक धडा मला पाठ झाला होता. पावणेदोनशेहून जास्त वर्षांपूर्वी तिकडच्या एका शेतकऱ्याने बायबलमधल्या आकड्यांवरून ख्रिस्त परत येण्याचा काळ काढला. पुढे त्याच्या अनुयायांनी दिवसही पक्का केला. हजारो माणसांनी ते खरं मानलं. कुणी दुकान बंद केलं, कुणी बटाटे काढायचेच सोडून दिले. तो दिवस उजाडला आणि मावळलाही.

“मग दुसऱ्या दिवशी काय झालं?” चष्मा हातात.

“बाई, पीक तसंच जमिनीत ठेवलं?” देवळा तालुक्यातली एक मुलगी म्हणाली. तिच्या घरचा कांदा होता. “लय येडीच माणसं मग!”

वर्ग हसला. बाईही हसल्या. मग सांगू लागल्या, की ती माणसं रडली, शेजाऱ्यांची टिंगल त्यांनी सोसली, पुष्कळ जण पांगले. पण काहींनी पुन्हा बायबल उघडलं आणि त्यातून नवे पंथ निघाले. रविवारऐवजी शनिवार पाळणारे, खाण्यापिण्याचे नियम करणारे. त्यांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले. “तुमच्या वाटीतले कॉर्नफ्लेक्स त्यांच्याच एका दवाखान्यात तयार झाले,” असं म्हणून बाई थांबायच्या. दरवर्षी मुलं चकित व्हायची.

अमेरिकेतला धर्म कळायचा तर हे वाट बघणं कळलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. समुद्र ओलांडून आलेल्या सुरुवातीच्या कर्मठ कुटुंबांत पुष्कळांना वाटायचं, आपण शेवटच्या काळात जगतोय. गुलामांना न्यायाच्या दिवसाचा आधार होता, कारण त्या दिवशी मालकालाही जाब द्यावा लागणार होता. अणुबॉम्ब पडल्यावर प्रवचनकारांच्या हाती नवा पुरावा आला. आधी रेडिओ, मग टीव्ही. “आणि आता तुमच्या खिशातला मोबाइल,” असं त्या म्हणायच्या.

हा मोबाइल त्यांच्याच घरी पोहोचला. त्यांचा धाकटा भाऊ अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्यात टर्नर होता. नुकताच रिटायर झालेला, बायको वारलेली. तो अमेरिकेतल्या कुणा प्रवचनकाराचे हिंदीत केलेले व्हिडिओ बघायला लागला. त्याच्यासारख्यांचा एक छोटा गटही जमला. प्रभू येण्याची तारीख ठरली. त्याने शुगरच्या गोळ्या बंद केल्या. मुलीचं लग्न जमलं होतं, पण लग्नाचा दिवस ठरवेना. “आता कशाला?” एवढंच बोले. मुलगी रोज आत्याला फोन करून रडायची.

“मी त्याला सगळं सांगितलं,” बाई लायब्ररीत माझ्यासमोर बसून म्हणाल्या. “आजवर किती तारखा चुकल्या, कशा चुकल्या. शांतपणे ऐकलं त्याने. मग म्हणाला, ताई, तुझ्याकडे पुस्तकं आहेत. माझ्याकडे दुसरं काय आहे?”

ठरलेल्या दिवशी बाईंनी रजा टाकली. त्या गटाने अंबडला वर्कशॉपांच्या मागे एक हॉल घेतला होता. मी त्यांना स्कूटीवरून सोडलं. पिशवीत जेवणाचा डबा आणि भावाच्या गोळ्या होत्या.

“तुम्ही आत बसणार?” मी विचारलं. “तुमचा तर यावर विश्वास नाही.”

“तो बसणार आहे ना,” असं म्हणून त्या आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेले. हॉल जवळजवळ रिकामा होता. भाऊ पांढऱ्या शर्टात भिंतीला टेकून बसलेला, बाई त्याच्या शेजारी. समोरच्या वर्कशॉपची पहिली पाळी सुरू झाली होती. चहाच्या टपरीवरून कुणीतरी ओरडलं, “काय काका, गाडी चुकली का?” भावाने मान आणखी खाली घातली.

“ताई, लोकांना तोंड कसं दाखवू?”

मला वाटलं, आता बाई बोलतील. या घडीसाठी तर त्यांनी आयुष्यभर वाचन केलं होतं. पण त्यांनी डबा उघडला, कोरडी झालेली पोळी त्याच्या हातात दिली आणि म्हणाल्या, “आधी खा. मग गोळी घे. रविवारी देवळात माझ्याशेजारी बस.”

रविवारी चर्चमध्ये तो त्यांच्याशेजारी बसला. ज्यांनी वळून पाहिलं त्यांच्याकडे बाईंनीही पाहिलं, असं त्याच्या मुलीने मला नंतर सांगितलं. लग्न पुढे दोन महिन्यांत झालं.

पुढच्या वर्षी पार्टिशनपलीकडे तोच धडा सुरू होता. बटाट्यांपाशी वर्ग नेहमीसारखा हसला. मग बाईंचा आवाज आला, “हसू नका. त्या सकाळी त्यांना शेजाऱ्यांच्या दारावरून चालत घरी जायचं होतं.” त्यानंतर मी त्या धड्याला हसू ऐकलं नाही.

बाई रिटायर झाल्या, आणि गेल्या हिवाळ्यात गेल्या. झोपेतच. त्यांची जागा कॉलेजने भरली नाही. अमेरिकेचा पेपर बंद झाला आणि त्या वर्गात आता कॉम्प्युटर आहेत.

महिनाभराने भाऊ लायब्ररीत आला. बाईंकडे राहिलेली आमची नऊ पुस्तकं त्याने टेबलावर रचली. पानापानांत बाईंच्या अक्षरातल्या चिठ्ठ्या होत्या. मी त्या काढायला लागले, तर त्याने हात पुढे केला.

“राहू द्या, मॅडम. बाहेरच्या माणसाला इथे बसून वाचता येतं का?”

नियमात येत नाही. मी खुर्ची दिली.

सगळ्यात वरचं पुस्तक घेऊन तो खिडकीजवळ बसला. इंग्रजी त्याला जेमतेम येतं. ओळीखाली बोट ठेवून, शब्दकोश उघडून वाचत होता. दोन वेळा उठून मला शब्द विचारले. पाच वाजता मी पंखे बंद केले तेव्हा त्याचं चौथं पान चाललं होतं. त्याने पानावर एक चिठ्ठी ठेवली, पुस्तक मिटलं आणि चपला घालता घालता म्हणाला, “उद्या येतो.”