गेममधली पापं

पालमच्या बसस्टँडसमोर मोबाईल दुरुस्त करणारा माझा मित्र कॅथलिक आहे. दुपारी गिऱ्हाईक नसलं की आम्ही दोघं बंदुकांचा गेम खेळतो. पडद्यावर तोकड्या कपड्यांतली बाई आली की तो पाप नको म्हणून तिला अंगठ्यानं झाकतो आणि समोरचं न दिसल्यानं हमखास गोळी खातो. शत्रू टप्प्यात आला की मला म्हणतो, "सर, तुमी मारा. मला पाप फादरपुढं कबूल करावं लागतंय."

मी आनंदानं मारतो.

परवा तो परभणीच्या चर्चमधून हसतच आला. "सर, तुमची बी पापं सांगून आलो. फादर म्हणले, दुसऱ्याची सांगायची नसतेत. मलाच प्रायश्चित्त म्हणून दहा वेळा 'नमो मारिया'ची प्रार्थना म्हणायला लावली."

"मग?"

"म्हणलो की! त्यातल्या सात तुमच्या नावानं. माणसं तुमीच जास्त मारलीत."