मी बोललो की ती उठायची

पुण्याहून महाडच्या शाळेत मास्तर म्हणून नवाच आलो होतो. बाजाराच्या दिवशी एक म्हातारी पोलादपूरकडच्या डोंगरातून करांदे विकायला आणायची. एकेका कंदाची माती अंगठ्यानं खरवडायची, मग तो पदराला पुसायची. बाकीच्या गिऱ्हाइकांशी ती बसल्या जागेवरून भांडायची, खदखदून हसायची. मी मात्र "आजी, हे ताजे आहेत का?" असं विचारलं, की टोपली सोडून उभी राहायची. मान खाली, हात जोडलेले. "हाय सायेब," एवढंच म्हणायची.

डोंगरातली माणसं फार बुजरी, असं मी घरी पत्रात लिहूनही टाकलं होतं.

एकदा न राहवून विचारलं, "आजी, तुम्ही माझ्यासमोरच का उठता?"

ती चाचरत म्हणाली, "आमच्या वाडीत तुमच्यावानी असं शेहरी बोलनारा मानूस एकच येतो, सायेब. जमिनीच्या दाव्याची नोटीस घेऊन. तवा आधी उभं ऱ्हायलेलं बरं."

"अहो, मी कोर्टातला नाही. शाळेत मुलांना शिकवतो."

तिनं मला टोपीपासून चपलांपर्यंत न्याहाळलं. "मंग इतके दिस सांगायला काय झालं व्हतं?" म्हणाली आणि मटकन खाली बसली.

पुढच्या बाजारी मी गेलो, तर तिनं मानसुद्धा वर केली नाही. "बस रे मास्तर. आधी या बायचं होऊ दे."

पुण्यात कुणी मला असं अरे-तुरे केलं असतं, तर मी चिडलो असतो. इथं मात्र टोपलीशेजारी उकिडवा बसलो आणि माझी पाळी येईपर्यंत खुशीत बसून राहिलो.