नायटा नाय तो

दांडी गावची हंसा बोईसरच्या बाजारात मासळी विकते. गिऱ्हाईक फार घासाघीस करायला लागलं, की ती टोपलीवर फडकं टाकते. पण तिच्या नऊ वर्षांच्या मुलीच्या, रिद्धीच्या, कोपरांवर लाल चट्टे उठले, तेव्हा ती सहा महिने लोकांचं ऐकत राहिली. शेजारीण म्हणाली, नायटा. मेडिकलवाल्याने ट्यूब दिली. ती लावली की चट्टे फिके पडत, सोडली की दुपटीने उठत. मग गुडघ्यांवर आले, केसांत आले.

जानेवारीत शाळेतून निरोप आला: मुलगी बरी होईपर्यंत घरी ठेवा, पालकांची तक्रार आहे.

हंसा तडक मुख्याध्यापकांकडे गेली. "हे लागतं, असं कुणी सांगितलं तुमाला?"

"दिसतंच आहे की," ते म्हणाले.

"दिसतं ते मलापण दिसतं. काय हाय ते मी डॉक्टरकडनं लिहून आणते. तवर पटावरनं तिचं नाव काढायचं नाय."

दुसऱ्या दिवशी ती रिद्धीला आणि नवऱ्याला, नामदेवला, घेऊन पालघरला त्वचेच्या डॉक्टरबाईंकडे गेली. नामदेवला बोटीवर जायचं होतं. "बोट उद्यापण हाय," एवढंच ती म्हणाली.

डॉक्टरबाईंनी चट्टा नीट न्याहाळला. "नायट्याची कड उठून दिसते आणि मधली कातडी साफ होत जाते. इथे सगळा चट्टा सारखाच जाड आहे, वर चंदेरी पापुद्रे." तरी खात्रीसाठी पापुद्रा खरवडून तपासला, बुरशी नव्हती. मग त्यांनी टाळू पाहिली, कानांमागे पाहिलं, बेंबी पाहिली. शेवटी रिद्धीची नखं उजेडात धरली. त्यांवर सुई टोचल्यासारखे बारीक खड्डे होते.

"हा सोरायसिस. लहान मुलांनाही होतो. स्पर्शाने कुणाला लागत नाही. घरात आणखी कुणाला आहे?"

"नाय," हंसा म्हणाली.

नामदेवने बाही वर केली. त्याच्या कोपरावरचा चट्टा हंसाने रोज पाहिलेला होता. जाळी ओढून घट्टे पडले, असं तो सांगायचा आणि तिला ते पटायचं.

"मलापण शाळेत मागं एकटं बसवायचे," तो म्हणाला. "म्हणून सोडली शाळा."

हंसाने रिद्धीला जवळ ओढलं. मग म्हणाली, "हिची नाय सुटणार."

मुख्याध्यापकांनी डॉक्टरबाईंची चिठ्ठी वाचली. पालक ऐकणार नाहीत, म्हणाले. "मग बोलवा त्यांना," हंसा म्हणाली.

शनिवारी वर्गात पंधरा-वीस जण जमले. हंसाने नामदेवला पुढे उभं केलं, त्याचा कोपर दाखवला आणि मग स्वतःचे दोन्ही हात पुढे धरले.

"बारा वर्षं ह्यांच्याबरोबर एका घरात राहते. एका ताटात जेवते. माझ्या अंगावर काय हाय का बघा. ह्यांनी आणलेली मासळी तुमी पण खाता. कुणाला लागलं असेल तर आत्ता सांगा."

सोमवारी मुख्याध्यापकांनी रिद्धीला पहिल्या बाकावर बसवलं.

ट्यूब बंद झाली, डॉक्टरबाईंचं मलम सुरू झालं. कोपर बरेच निवळले. डोक्यातलं अजून जात नाही; हे येतं-जातं, असं डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलंय. रिद्धीच्या बाकावरच्या मुलीला तिच्या आईने दुसऱ्या तुकडीत हलवलं. हंसाला ते बाजारात कळलं.

"हलवू दे," ती बोंबील मोजता मोजता म्हणाली. "माझी पोर तिथंच बसेल."